साठच्या पुढे न जाणारी गाडी

"ताई, गाडी चढावर मेली! मागे घसरत निघाली होती. मातीच्या ढिगात घातली म्हणून वाचलो."

"तुम्हाला लागलं का?"

"हात मोडला. बाकी मी आहे अजून."

फोनवर ट्रकचे ड्रायव्हर बुंगाटकाका होते. गाडी बुंगाट पळवायची सवय, म्हणून ते नाव पडलं, आणि खऱ्या नावाने हाक मारायला कुणी उरलं नव्हतं.

दुपारी ट्रक ओढून गॅरेजात आणला. गॅरेज दोघा भावंडांचं. इंजिन दादाकडे, वायरिंग ताईकडे. आईबाप लवकर गेले, तेव्हा दादानेच तिला वाढवलं आणि हातात पाना दिला. लॅपटॉप मात्र तो दुरूनच बघे. "तुझी ती जादूची पाटी तुलाच लखलाभ," म्हणे.

ट्रक म्हातारा होता, पण इंजिनाला ईसीएम होता, म्हणजे मेंदू. जुना मेंदू तापला की इंजिन जागच्या जागी बंद पडायचं. हा मेंदू आता कुणी बनवत नाही. ताईने बाजार पालथा घातला तेव्हा कुठे एक कोरा मिळाला. मागच्याच आठवड्यात तो बसवला होता. मग आज गाडी का मेली?

ताईने झाकण काढलं.

आत जुनाच मेंदू होता. काढताना तिने त्यावर लाल रंगाची फुली मारली होती. कुणीतरी थिनरने पुसली होती, पण खाचांत रंग तसाच होता.

ट्रकचा मालक डोकावला आणि भडकला. "मी सांगतो कुणी केलं. जुना भाग गिऱ्हाईकाला परत द्यायची तुमची रीत. तुम्ही तो पोत्यात घालून दिलात, तो ह्याच्याच सीटखाली होता. किल्ली ह्याच्याकडे. नवा विकला आणि जुना ठोकला!"

"विकून काय, हात मोडून घेतला त्यांनी?"

"चोराला ठेच लागत नाही का? शिवाय राग आहेच. ह्याच्या पायाला आवर नाही, म्हणून मी साठच्या पुढे गाडी जाऊ नये असं त्या नव्या मेंदूत तुमच्याकडून घालून घेतलं. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर मी पोलिसात चाललो."

ट्रक ओढायची साखळी गोळा करून दादा तेवढ्यात आत आला. त्याने मान हलवली. "काकांनी असं करावं! माणसाचं काही खरं नाही बघ."

दादा आणि काका रोज एका डब्यात जेवायचे.

काका हात गळ्यात अडकवून बाकावर बसले होते. ताई शेजारी बसली.

"काल सुट्टी होती. गाडी कुठे होती?"

"मालकाच्या आवारात. मी तिथेच होतो, धूतपुसत."

"सीटखालचं पोतं बघितलं होतं?"

"ते कशाला बघू? भंगार ते."

"गाडीजवळ कुणी आलं?"

"परकं कुणी नाही."

"आज निघालात तेव्हा गाडी साठच्या वर गेली का?"

"माल भरलेला, फाटकातून निघालो तो थेट चढ. वीसवर गेली तरी नशीब म्हणायचं!"

"आणखी काही वेगळं वाटलं?"

काका कसंनुसं हसले. "रेडिओ गं. तू मेंदू बसवताना बॅटरी सोडलीस तेव्हा माझी स्टेशनं पुसली गेली होती. मी बसून परत लावली. आज सकाळी बघतो तर पुन्हा पाटी कोरी. गाडीपण माझ्यासारखी विसरभोळी झाली." मग हसू विझलं. "ताई, ह्या वयात चोर म्हणून लायसन गेलं तर मला कोण उभं करेल?"

ताई उठून ट्रककडे गेली. आता तिने मेंदू बघितला नाही, त्याच्या आजूबाजूचं बघितलं. अर्थची केबल जिथे बसते ती गंजकी जागा पॉलिश पेपरने घासून लख्ख केली होती. वायरींवर कापडी टेप नवी होती, ताईने लावलेली नव्हे. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं, म्हणजे पुढच्या वेळी सोडवताना नखाने शोधत बसायला नको.

तिने त्या टोकावरून बोट फिरवलं. नाही, तिने स्वतःला बजावलं, उगाच पाप मनात आणू नये.

तोच फोन वाजला. दादाची लेक होती. तिच्या नवऱ्याचा ट्रक ह्याच जुन्या जातीचा, मेंदू जळून कित्येक महिने दारात उभा.

"आत्या, आमची गाडी सुरू झाली कालपासून! पण हे कुरकुरतायत. कितीही दाबली तरी साठच्या पुढे हलत नाही म्हणे. येऊन बघशील?"

"येते," ताई म्हणाली.

ऊन उतरायच्या आत तिने तिघांना ट्रकपाशी बोलावलं.

"काकांनी चोरी केली नाही," ती म्हणाली.

"कशावरून?" मालकाने विचारलं.

"काकांना स्टेशनं पुसली गेलेली आज सकाळी दिसली. म्हणजे ती लावल्यानंतर कुणीतरी पुन्हा बॅटरी सोडली. मेंदूला हात लावण्याआधी बॅटरी सोडायची, हे शिकलेल्या माणसाचं काम. काका बॅटरीला विंचवाला घाबरावं तसे घाबरतात."

"मग शिकलेला चोर असेल."

"असेल. पण चोर पळायच्या घाईत असतो. ह्याने मेलेला मेंदू बसवताना गंज घासला, टेपचं टोक दुमडलं. वाईट काम करतानाही हाताला चांगलं वळण सोडता आलं नाही. असं टोक ह्या गावात दोघंच दुमडतात. त्यातली एक मी."

दादा हसला. "वेडी का तू? टेपवरून माणूस फासावर देतेस?"

"टेपवर मीही भागवलं नसतं. काका, काल परकं कुणी आलं नव्हतं. मग आपलं कोण आलं होतं?"

काकांनी आधी दादाकडे बघितलं. "हा आला होता. म्हणाला, घरी जाऊन निवांत जेव, गाडीपाशी मी बसतो."

"आणि कालपासून तुझ्या जावयाची गाडी सुरू झाली, दादा. साठच्या पुढे जात नाही. ते साठ मी लॅपटॉपवरून घातले होते, तेव्हा फक्त मालक समोर होते. तू पाटीला हात लावत नाहीस, म्हणून ते साठ मेंदूतच असतात हे तुला कळलंच नाही. चोरलास तो साठासकट."



"पोरीचं घर बसलं होतं गं," दादा अखेर म्हणाला. "गाडी उभी म्हणजे चूल थंड. हा एकच होता बाजारात. मागितला असता तर दिला असतास?"

"नसता दिला. दुसरा शोधला असता, तुझ्यासोबत पायाचे तुकडे पडेपर्यंत."

"मला वाटलं, गाडी पुन्हा बंद पडेल, एवढंच. लोक म्हणतील, नवाही फुकट गेला."

"कुठे बंद पडते हे तूच मला सांगितलं होतंस. तापली की, आणि तापते चढावर. आणि झाकण उघडल्यावर संशय आला असता कुणावर? काकांवर. ते सुटले असते तर माझ्यावर. मेंदूला हात लावणारी मीच."

"तुझ्यावर येऊ दिला नसता."

"आज काकांवर येऊ दिलास."

मालक खाली बघून म्हणाला, "काका, चुकलो मी." काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते उठून दादासमोर उभे राहिले. आवाज चढला नाही.

"मी तिथेच गेलो असतो, तर मला पोचवायला सगळ्यांत पुढे तूच असतास ना रे?"



"पोलिसांना काय सांगायचं?" मालकाने हळूच विचारलं.

"घडलं ते," ताई म्हणाली. तिने पान्यांची पेटी उचलली.

"थांब, मी येतो," दादा म्हणाला. "पोरीला मी सांगतो."

"नको. तू काही रचून सांगितलंस तरी तिला ते खरं वाटेल."

पुतणीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. ताई कोपऱ्यावर वळली तेव्हा जावई बोनेट पुसत होता. पेटी बघून पुतणी दारातूनच ओरडली, "अहो, बघा, आत्या आली! आता पळेल आपली गाडी."

ताईने पेटी खाली ठेवली आणि आधी बॅटरीची केबल सोडली.