चार भागिले किती?

कोकणच्या समुद्रावर तरंगणाऱ्या जलनगरात पाच हजार माणसं राहत होती. सन २०७१च्या हिवाळ्यात तिथे एक नवाच विषाणू शिरला. इस्पितळात चाळीस रुग्ण दाखल झाले, त्यांतले चौघे दगावले.

"शंभरात दहा मरतात! फ्लूने हजारात एखादा जातो. म्हणजे हा शंभर पट घातक!" जो तो हेच म्हणू लागला. लोकांनी बोटींत सामान भरायला घेतलं.

अकरा वर्षांची इरावती आजोबांकडे धावली. तिचे आजोबा डॉ. त्र्यंबक पागधरे साथरोगतज्ज्ञ (साथी कशा पसरतात याचा अभ्यास करणारे) होते.

"आजोबा, आपणही पळायचं?"

"आधी भागाकार कर. वर चार. खाली किती?"

"चाळीस."

"ते इस्पितळात आले तेवढे. घरीच शिंकून बरे झाले, त्यांना कोणी मोजलं?"



आजोबांनी चिठ्ठ्या टाकून पाचशे नावं काढली. आजारी, धडधाकट, सगळेच त्यात आले. त्यात इरावतीही होती. सत्तरी ओलांडलेले आजोबा यंत्रमानवाला घेऊन दारोदार फिरले आणि रक्ताचे थेंब गोळा केले. रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं) सापडली, की त्या माणसाला लागण होऊन गेली, असं समजायचं.

तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "ऐंशी जणांत सापडली. त्यांतली एक तू!"

"मी? माझं तर दोन दिवस नुसतं नाक गळत होतं!"

"अशीच माणसं मोजायची राहिली होती. पाचशेत ऐंशी, तर पाच हजारांत?"

"आठशे! आठशेत चार... म्हणजे हजारात पाच!"

"फ्लूच्या पाच पट. रुग्ण अजून इस्पितळात आहेत, आकडा थोडा हलेल."

संध्याकाळच्या सभेत हे ऐकताच कुणीतरी हसून ओरडलं, "मग फ्लूच की!"

"नव्हे," आजोबा शांतपणे म्हणाले. "सगळ्या गावाला लागण झाली, तर पंचवीस माणसं जातील."

 बोटींतलं सामान पुन्हा घरात आलं, तोंडावर मास्क चढले, म्हाताऱ्यांना घरपोच जेवण जाऊ लागलं. खरा आकडा हाती येईपर्यंत आजोबांनी कुणाला भीती घातली नव्हती, की खोटा धीरही दिला नव्हता. इरावतीला त्यांचा फार अभिमान वाटला.

दोन महिन्यांनी लस आली, तेव्हा मृतांचा आकडा सहावर थांबला होता. इरावती धक्क्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे बघत होती. पंचवीसांतली वाचलेली एकोणीस माणसं यांच्यातच कुठेतरी होती. ती कोण, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.