नाव सांगून यावं

कणगी आणायची, एवढंच काम होतं. यंदाची, म्हणजे दोन हजार सात सालची सुगी, धसईच्या खळ्यांवर झोडणी चालू होती. बाप चैतात वारला होता. टोकावड्याच्या वरच्या पाड्यातलं त्याचं घर ओस पडलं होतं, आणि बाईजामावशीने धोशा लावला होता, "माझ्या भयनीची कणगी हाय ती. उंदरांना कशाला ठेवायची? या साली भात तिच्यातच भरू."

मी हो म्हटलं खरं, पण त्या कणगीपाशी जायचं जिवावर आलं होतं.

तुम्ही शहरातले, कणगी पाहिली नसेल. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली, छातीपर्यंत उंच. तिच्या पोटात घरचं वर्षाचं भात. आई गेल्यावर बापाला मारायला माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं. आषाढात भात संपून कणगी रिकामी व्हायची, सगळा पाडा नाचणीवर दिवस काढायचा, आणि मी मात्र सुखात असायची. बापाच्या टायरच्या चपला अंगणात घासत आल्या की मी कणगीत उतरायची आणि तोंडावर सूप ओढून घ्यायची. अंधार, तुसाचा वास, आणि बाहेर त्याची हाक... "रुपाऽऽ..."

सगळे सुगीची वाट बघायचे, मला सुगीची धडकी भरायची. कणगी भरली की लपायला जागा कुठली?

नव्वद साली मावशी मला धसईला घेऊन आली. मी सात वर्षांची होते. ते दिवस आठवले की अजून गोड वाटतं. चुलीवरची भाकरी, बाजारातून आणलेला कुरमुऱ्यांचा लाडू, बांधावर पकडलेल्या चिंबोऱ्यांचं कालवण. काय झालं होतं ते मावशीने कधी विचारलं नाही. तिने फक्त दार उघडं ठेवलं.

आणि एक रीत पाळली. आमच्याकडे दिवेलागणीनंतर कोणाच्या दारात गेलं तर आधी आपलं नाव सांगतात. भूत दुसऱ्याचं नाव घेऊन हाका मारतं, स्वतःचं कधी सांगत नाही म्हणून. मावशी मात्र भर दुपारी, परसातून चुलीपर्यंत यायची तरी ओरडायची, "मी बाईजा गो, येतंय!" शेजारणी हसायच्या, "बाईजेला सोताचं नाव इसराया होतंय." मावशी त्यांना हसू द्यायची. असं करता करता वर्षं गेली आणि माझं पावलांना दचकणं पुष्कळ कमी झालं. लग्न झालं, किशोरसारखा शांत नवरा मिळाला.

पण माझी भाविका चार वर्षांची झाली आणि नवंच सुरू झालं. दाराची कडी वाजली की ती कोपऱ्यात जाऊन बसायची, तोंडावर सूप ओढून. तिला कोणी कधी बोटही लावलं नव्हतं. मार खाल्ला मी, आणि अंग चोरायची ती. तिच्याकडे बघून माझा जीव तुटायचा.

भाविकाला किशोरजवळ ठेवून, गावातल्या जयरामची जीप खाली रस्त्यावर थांबवून मावशी आणि मी पाड्यावर चढलो. ऊन कलत होतं. घरात कुबट वास भरला होता. कणगी त्याच कोपऱ्यात, तोंडावर सूप झाकलेलं. मावशीने ते उचलायला हात घातला. सूप हललं नाही. आतून कोणीतरी घट्ट धरलं होतं.

"उंदीर असल..." मावशी म्हणाली. सूप सोडून ती मागे सरली.

मला श्वास ऐकू आला. नाकाने, हळू, मध्ये मध्ये थांबत. कणगीत श्वास असाच घ्यायचा असतो, नाहीतर बाहेर कळतं. माझे पाय दाराकडे वळले होते. पण उद्या याच कणगीत आम्ही भात ओतणार होतो.

मी सुपाजवळ तोंड नेलं.

"मी रुपा," म्हटलं. "येतेय..."

मग आतून, अगदी बारीक...

"मी पन रुपा."

मावशीने माझा दंड धरला. खरं सांगते, मला भीती वाटली नाही, रडू फुटलं. भूत स्वतःचं नाव सांगत नाही.

"तो गेला गो," मी म्हटलं. "आता कोन नाय मारनार. चल, आपल्याला घर हाय."

सूप सैल झालं. मी आत हात घातला. आधी तूस लागलं, मग गार, लहान बोटं. उचललं तर वजन नव्हतं, आणि डोळ्यांना कोणी दिसलं नाही.

कणगी जीपवर बांधून निघताना जयराम म्हणाला, "पोरीला मधी घ्या ना, मावशी. गारठा हाय."

"घेतलीय," मावशी म्हणाली आणि सरकून बसली.

आम्ही कणगी लिंपली, भरली. भाविकाने कोपरा सोडला. आता कडी वाजली तरी ती खेळत राहते. मला वाटलं, सुटलो.

या सोमवारी मी घर आणि ओसरी सारवून घेतली. किशोर रात्रपाळीला गेला होता, मावशी परसात होती, दिवा नुकताच लावला होता. भाविका माझ्या मांडीवर झोपलेली. अंगणात टायरच्या चपला घासत आल्या. उंबऱ्याशी थांबल्या.

"रुपाऽऽ..."

एवढंच. स्वतःचं नाव नाही. मी भाविकाला छातीशी ओढलं. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, बारीक, पण न कापणारा.

"कोन? आदी तुजा नाव सांग."

बाहेरून उत्तर आलं नाही.

सकाळी पाहिलं तर सारवणावर चपलांचे ठसे उंबऱ्यापर्यंत आलेले. परत गेल्याचा एकही नाही. आणि उंबऱ्याच्या आत, त्यांच्याकडे तोंड करून उभी असलेली दोन अनवाणी पावलं. भाविकाचं पाऊल मी त्यावर ठेवून पाहिलं. तिला मोठं होतं, सातेक वर्षांच्या पोरीचं असावं एवढं.

तेवढी जागा मी अजून सारवलेली नाही.