सुईहुआ आजींचं मुखत्यारपत्र

चीनमधलं आपलं घर पाडल्याचा तिथल्या शेजारणीचा फोन आला, त्याच दुपारी सुईहुआ आजी सिंगापुरातल्या नोटरीच्या ऑफिसात येऊन खुर्चीत कोसळल्या. सोबत नात होती, यीलिंग.

"आजीला घर विकायचंच नव्हतं," यीलिंग म्हणाली. "बाबांनी चीनमधून फोनवर धमकावून सही करायला लावली."

नोटरी पद्माकर सरांचा चेहरा उतरला. आजींनी मुलाला घर विकायचा अधिकार दिला त्या मुखत्यारपत्रावर शिक्का त्यांचाच होता. त्यांनी फाइल आपल्या सहायक स्नेहलकडे सरकवली.

"सहीच्या वेळी कोण होतं, सर?"

"आम्ही तिघंच. आजींना फक्त होक्कियन ही चिनी बोली येते. मजकूर या यीलिंगनं समजावला. मी दोनदा विचारलं, कळलं का? आजींनी मान डोलावली."

फाइलमध्ये त्या वेळचा फोटो होता. आजींच्या अंगात रेशमी ब्लाउज, केसांत फूल, चेहऱ्यावर हसू. उजवा हात खांद्याइतका वर.

स्नेहलनं बाहेर जाऊन आजींच्या मुलाला चीनमध्ये फोन लावला.

"धमकी? यीलिंगनंच कळवलं, आजी राजी झाली म्हणून. पैसेही यीलिंगच्या तिकडच्या, मरीन परेड भागातल्या फ्लॅटला दिले. आईची तशीच इच्छा होती ना?"

येताना स्नेहलनं शेजारच्या झेरॉक्सवाल्या को अंकलना बोलावलं. त्यांना होक्कियन येत होती. यीलिंग झटकन उठली. "आजी दमलीय. मी सांगते ना!"

"आता तू नको सांगूस."

अंकलनी आजींना एकच प्रश्न विचारला, त्या दिवशी सही कशासाठी केलीत? उत्तर ऐकून त्यांनी ते स्नेहलच्या कानात सांगितलं.

स्नेहल सरांकडे वळली. "धाकात असलेलं माणूस असं नटून येत नाही, सर. आणि मुखत्यारपत्राला हात कशाला वर करायचा? हात वर करतात शपथ घेताना. हिनं आजींना सांगितलं, आज तू सिंगापूरची नागरिक होणार, आता तुला कुणी परत पाठवणार नाही. शेजारणीचा फोन आल्यावर आजी इथं यायला हटून बसल्या, तेव्हा दुभाषी म्हणून हीच आली. बापावर ढकलायला."

"आणि नागरिकत्व?"

"अर्जसुद्धा नाही. फाइलमधली पासपोर्टची प्रत बघा. राहायच्या पासची मुदत शनिवारी संपते."

यीलिंगनं खांदे उडवले. "घर काय ती बरोबर नेणार होती?"

"गप्प बस!" सर कडाडले आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला.

आजींना इंग्रजीतलं अक्षर कळलं नव्हतं. त्या धडपडत उठल्या, नातीला पाठीशी घेतलं आणि सरांवर काहीतरी ओरडल्या.

"काय म्हणतात?" स्नेहलनं विचारलं.

अंकलनी हळूच सांगितलं. "म्हणतात, पोरीला बोलू नका. या परक्या मुलखात तिच्याशिवाय मला कुणी नाही."