एका मशीनला दोन हेडफोन

"रड, अजून रड! सोनं दिसलं की रडायचं सोडून दगडावर रडतंय, वाऱ्यावर रडतंय, माझ्यावर रडतंय... काय जन्माचं पोर आहे हे!"

तेकबरच्या दुकानाची भिंत म्हणजे नुसता पत्रा. पलीकडे कुणीतरी उकिडवं बसून पुटपुटत होतं आणि एक मशीन सारखं पिं-पिं करत होतं. तिनं पत्र्याच्या भोकातून पाहिलं. काळं मुंडासं, लांब नाक, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब. वाळवंटातल्या शामी गावी दुपारच्या घामाचं नवल नाही. पण मशीनशी इतकं मनापासून भांडणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"ते रडत नाहीये," ती भोकातून म्हणाली. "खरं बोलतंय."

तो दचकून उभा राहिला. "कोण?"

"आत या. पोरालाही आणा."

सोनं शोधायला वाळवंटात निघालेली निम्मी माणसं तेकबरच्या दुकानावरून जात. मशीन जोडून द्यायचं, बिघडलं तर उघडायचं, हे ती मोबाईल दुरुस्त करता करता आपलं आपणच शिकली होती. वय चोवीस. एकदा लग्न करून, मोडून, इथल्या रिवाजाप्रमाणे मोडल्याची मेजवानीही जेवून झाली होती.

तिनं मशीन उलटं केलं आणि तिला हसू आवरेना.

"तळाची चकती दांडीला कशानं बसवलीत?"

"बोल्टनं. मूळचा प्लॅस्टिकचा होता, वाटेत हरवला. हा लोखंडी. त्याच्यापेक्षा मजबूत."

"मजबूत! अहो, हे यंत्र धातू हुंगतं. तुम्ही त्याच्या नाकातच खिळा ठोकलाय."

तो आधी ओशाळला, मग इतका मोकळा हसला की शेजारच्या दुकानदारानं डोकावून पाहिलं. नाव येहदीह. तिजिक्जाच्या खजुराच्या बागा सोडून आलेला.

तिनं सगळं मशीन सुटं केलं. "आता माझ्यासमोर जोडा."

खालची दांडी वरच्या दांडीत गेली. चकती बसली, या वेळी प्लॅस्टिकच्या बोल्टनं. तारेपाशी त्याचा हात अडखळला. तिनं त्याचं मनगट धरून पहिला वेढा दाखवला... आणि लगेच सोडलं.

"घट्ट गुंडाळा. तार सैल राहिली की चालताना हलते, आणि मशीनला वाटतं, काहीतरी सापडलं."

"माणसांचंही असंच होतं."

"माणसांचं नंतर बघू. बॅटरी?"

दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिनं त्याला चकती जमिनीवर वर-खाली, वर-खाली करायला लावली. इथल्या मातीतच लोखंड आहे. मशीनला तिची ओळख पटली की ते गप्प होतं. झालंही. मग तिनं वडिलांसाठी बनवलेली दुतोंडी तार आणली. एका मशीनला दोन हेडफोन. एक त्याच्या कानांवर, एक तिच्या.

"तोंड फिरवा."

तिनं कानातली इवलीशी सोन्याची बाळी काढून वाळूत पुरली. तो हळूहळू चकती फिरवत आला, जमिनीला समांतर, घाई न करता. मध्येच थांबला.

"इथे."

"मला तर काहीच आलं नाही!"

"श्श... ऐका ना."

ती त्याच्या जवळ सरकली. आणि मग आलं—मुंगीनं हाक मारावी तितकं बारीक. तो ओंजळभर वाळू उचलून चकतीवरून नेत राहिला, अर्धी टाकत, उरलेली पुन्हा नेत, शेवटी चिमूटभर वाळूत बाळी उरली.

"माझी आहे ती," ती म्हणाली.

"माहितेय," तो म्हणाला, पण द्यायला अंमळ उशीरच केला.

हे सगळं दुकानाच्या दारातून लेमराबत पाहत होते. तेकबरचे वडील. खनिजाच्या आगगाडीवर तीस वर्षं काढलेला माणूस; आता स्वतःचं मशीन घेऊन सोनं शोधायचे. त्यांचा जोडीदार उत्तरेकडच्या खाणींवर पळाला होता. दुसऱ्या दिवसापासून येहदीह त्यांच्याबरोबर जाऊ लागला.

तीन महिने झाले. रोज काही ना काही बिघडल्याचं निमित्त करून तो दुकानात यायचा.

"आज काय मोडलं?"

"काही नाही. तेच सांगायला आलो."

"तेवढ्यासाठी एवढ्या उन्हातनं?"

"मग काय, मुद्दाम मोडून आणू?"

तेकबरचे गाल तापायचे. आणि दुपारी दुकानामागच्या तंबूत हाच माणूस तिच्या वडिलांसमोर मांडी घालायचा, मुंडासं हनुवटीखाली ओढायचा आणि त्यांच्याच ताटात भात-मासळी जेवायचा. उघड्या तोंडानं! एकेक घास मिटक्या मारत!

"त्याचा नाद सोड," तूता मावशी चहा या पेल्यातून त्या पेल्यात ओतत म्हणाली. "आपल्यात ज्याच्या मनात मुलगी असते, तो तिच्या बापाला तोंड दाखवतो का, त्याच्या ताटात जेवतो का? वाटेत बाप दिसला तर मुंडासं डोळ्यांपर्यंत ओढून पळतो. तुझा पहिला नवरा तर एकदा शेळ्यांमध्ये लपला होता."

"लपला होता खरा. टिकला कुठं?"

"ते वेगळं. पण हा बघ, माशाचं डोकंसुद्धा तुझ्या बापाच्या हातून घेतो. त्याला बाप हवाय बाई, बायको नकोय."

तेकबरला हे पटेना, आणि खोटंही म्हणता येईना. डोळे एक सांगत होते, ताट दुसरंच सांगत होतं. बिघडलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय तिला झोप यायची नाही. एके दिवशी नवी बॅटरी द्यायच्या निमित्तानं तिनं मालाच्या गाडीत जागा मिळवली आणि सकाळीच त्यांच्या खणायच्या जागी पोचली.

लांबूनच तिला दोघं दिसले. येहदीह मशीन फिरवत होता. त्याच्या कानांवर एक हेडफोन, बाबांच्या कानांवर दुसरा. येहदीह थांबला. बोलला मात्र काही नाही. नुसता पायानं एक खडा पुढे सरकवला. खडा थांबला तिथं बाबांनी काठी टेकवली.

"इथं! मला आलं ऐकू. खण."

तेकबर होती तिथंच उभी राहिली. तिला माहीत होतं. तिला, मावशीला, सगळ्या शेजाराला माहीत होतं. म्हणून तर ती बाबांच्या मशीनचा आवाज गुपचूप शेवटपर्यंत वाढवून ठेवायची. तरी बारीक आवाज त्यांना यायचे नाहीत. पण हे बाबांना कुणी म्हणायचं?

बाबा सावलीत टेकल्यावर तिनं येहदीहला गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"खडा."

तो तारेचा वेढा उगाचच सोडून पुन्हा घालत बसला. "पहिल्या दिवसापासून."

"म्हणून तू त्यांच्या ताटात जेवतोस?"

"तेकबर... मी उद्या तुला मागणी घातली, तर परवा मला त्यांच्यापासून तोंड लपवावं लागेल. मग रोज त्यांच्या शेजारी कोण चालणार? दुसरा कुणी येईल. तो चार दिवसांत हसेल त्यांना."

"मी चालेन."

"विचारलंस कधी?"

"दोनदा. म्हणाले, माझे कान शाबूत असताना पोरीला उन्हात कशाला नेऊ?" तिचा आवाज बारीक झाला. "त्याच्यापुढे काय बोलू, सांग ना. बोलायचं तर कानांचंच बोलावं लागेल."

"मग... थांबू या."

"किती?"

काल नेमकं कुणीतरी तिच्यासाठी नुआकशोत शहरातल्या कापडवाल्याचं स्थळ आणलं होतं. मावशीला तो पसंतही होता. तेकबरनं ते सांगितलं. येहदीहच्या हातातली तार तशीच राहिली.

त्या दुपारी तंबूत भाताचं ताट मध्ये आलं. येहदीह रोजच्यासारखा बसला, पण घास काही उचलेना. तेकबर मावशीजवळ चहाच्या शेगडीपाशी होती. मावशी कापडवाल्याच्या तीन दुकानांचं कौतुक सांगत होती, जरा जास्तच मोठ्यानं. लेमराबत माशाचे काटे काढत होते. एकेक काटा, सावकाश, ताटाच्या कडेला.

"येहदीह," ते एकदम म्हणाले, "आज खडा जरा लांब गेला होता. मला दोन पावलं जास्त चालावं लागलं."

चहा ओतता ओतता मावशीचा हात थांबला. येहदीहनं मान खाली घातली. "काका, मी—"

"बोलू नकोस, मला कळायचं नाही. मीच बोलतो." त्यांनी हात पुसले. तेकबरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आवाज ठाम होता. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही सगळे म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नव्हतो. पण डोळे शाबूत आहेत माझे. तू तिच्याकडे बघतोस तेही दिसतं, आणि माझ्यासाठी गप्प बसतोस तेही दिसतं. उद्यापासून तेकबर येईल माझ्याबरोबर. तिला बरं ऐकू येतं."

येहदीहचा हात ताटाजवळ तसाच.

"आता ऊठ," लेमराबत म्हणाले. "ऊठ माझ्या ताटावरून. माझा जावई माझ्या ताटात जेवत नसतो."