शेजारची सीट

ती लाल टू-सीटर तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली आणि ठिणगीचं डोकंच फिरलं. वडील तिला ठिणगी म्हणायचे ते काही उगाच नाही. त्यांच्यामागे गॅरेज तिनं एकटीनं चालवलं होतं आणि तिच्या हातची गाडी ब्रेकसाठी कधी परत आली नव्हती. आणि हा दातांचा डॉक्टर म्हणे, ब्रेक पुन्हा दगडासारखा लागतोय!

इंजिन बंद ठेवून तिनं पेडल दाबदाब दाबलं, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. पेडल अलगद खाली गेलं. म्हणजे पायाच्या जोराला साथ देणारा बूस्टर ठणठणीत होता. एकटीच चक्कर मारून आली, तरी काही नाही. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसलेलं. गाडी तपासताना आत दुसरं कुणी नको, हा वडिलांचा नियम.

"माझ्या कामात खोट काढताय?"

"नाही हो. पण दवाखान्यात आलं की दुखायचे थांबतात, असे दात मी रोज बघतो. पेशंटला खोटं नाही पाडत."

वर हसला. गालाला ती मेली खळी... तिला आवडायची, म्हणून तर जास्तच संताप आला.

"बसा शेजारी. दाखवतेच."

पहिले दोन ब्रेक मऊ लागले. वळणावर मात्र पेडल हलेचना. दोन्ही पायांनी रेटलं तेव्हा कुठे गाडी खांबाच्या वीतभर अलीकडे थांबली.

गॅरेजमध्ये तिनं त्याला उतरवलं, तर ब्रेक ठीक. पुन्हा बसवलं, तर दगड. तिनं सीटच उचकटली. या गाडीचं इंजिन मागे, बूस्टर पुढे. दोघांना जोडणारा नवा पाइप पहिल्या खेपेला तिनंच सीटखालून नेला होता, नको तितका मऊ. सीटवर कुणी बसलं की तो चेपायचा, बूस्टरमध्ये साठलेली हवेची ओढ दोन ब्रेकांत संपायची आणि इंजिनाकडून नवी मिळायची नाही. तिचे कान तापले. पण दुसऱ्याच क्षणी भलतंच काही टोचलं.

"तुम्ही तर एकटेच येता... मग इथे कोण बसतं?"

तो लालबुंद झाला. "आत्या."

"आत्या?"

"घरी सारखं तुमच्याबद्दल बोलतो, म्हणून तिला तुम्हाला भेटायचंय. दर वेळी निघतो, कोपऱ्यावर ब्रेक दगड होतो. ती उतरते, म्हणते, आधी गाडी नीट कर. मग मी एकटाच..."

"अशा गाडीत म्हाताऱ्या माणसाला बसवलंत? आणि हे आज सांगताय?"

"सांगणार कसं? तुमच्यासमोर बोलायची सोय आहे का?"

तिनं मऊ पाइप कोपऱ्यात भिरकावला, जाड पाइप बसवला, सीट आवळली. त्याला शेजारी बसवून पुन्हा चक्कर मारली. पेडल शेवटपर्यंत मऊ होतं.

"पाइप माझा चुकला," ती फणकाऱ्यानंच म्हणाली. "रविवारी आत्यांना घेऊन या. जाताना मात्र त्यांना टॅक्सी करून द्या."

"का?"

"का म्हणजे? तुमच्या शेजारी मी बसणार आहे."