लाल कुलूप आणि चौथा मजला

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुणी भाषण ऐकायला बोलावलं तर मुलं येतील का? लालबागच्या नवनिर्माण सोसायटीत मात्र झाडून सगळी आली, कारण शेवटी वडापाव मिळणार होता. खोटं कशाला सांगा!

सेक्रेटरी अमितकाकांनी मुलांना वेगवेगळी कामं दाखवायचा तीन दिवसांचा बेत आखला होता. काल मसाला कांडतात तिथे जाऊन सगळे शिंकून शिंकून बेजार झाले. आज तळमजल्याच्या हॉलमध्ये लिफ्टची मेकॅनिक कालिंदीताई आली होती. बाई लिफ्ट दुरुस्त करते म्हटल्यावर संघर्षने भुवया उडवल्या, तशी त्याच्या बहिणीने, प्रितीने, त्याला कोपर मारलं. या दोघांच्या शेजारी नेहमीसारखी त्यांची मैत्रीण मनवा बसली होती.

ताईने खिशातून एक लाल कुलूप काढलं. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी मीटर रूममध्ये लिफ्टचा मेन स्विच पाडायचा, त्याला हे कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवायची. ती कुणाला म्हणजे कुणालाच द्यायची नाही.

"मी खाली असताना कुणी मेन वर केला, तर लिफ्ट माझ्या डोक्यावर येईल," ती म्हणाली.

दार बोटभर उघडं असलं तरी लिफ्ट जागची हलत नाही, हेही तिने सांगितलं. मुलांनी कुलूप हातोहात फिरवलं. फिरत फिरत ते मनवाकडे आलं.

नेमकी आजच इथली लिफ्ट बिघडली होती. धोका वाटला तर खड्ड्यातूनच लिफ्ट थांबवायचं जे बटण असतं, तेच बंद पडलं होतं. पाहुणे येतील, लवकर उरका, असा अमितकाकांनी मागे धोशा लावला. ताईने मेन पाडला, तळमजल्याचं दार उघडून त्यात लाकडी पाचर अडकवली आणि ती खड्ड्यात उतरली. मुलांनी वाकून वाकून पाहिलं. एखादं पोर आत पडायचं, म्हणून काकांनी पाचर काढून दार लावून टाकलं आणि सगळ्यांना हॉलमध्ये पिटाळलं. ताई खाली ठोकाठोक करत होती, तिला पत्ताच नव्हता.

मनवाने रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला गार लोखंड लागलं.

मघाशी हातात आलेलं कुलूप तिने नकळत खिशात टाकलं होतं. कुलूप इथे, म्हणजे घाईत ताई मेनला ते घालायचं विसरली! तिने संघर्षच्या आणि प्रितीच्या कानात सांगितलं. मनवा काकांना सांगायला उठली, तर काकांनी बोटानेच तिला खाली बसवलं. पुढचं भाषण सुरू झालं होतं.

"काका, मला उलटी होतेय," प्रिती मोठ्याने म्हणाली आणि तिने गाल फुगवले. काकांनी स्वतः दार उघडून दिलं. तिला धरायला म्हणून बाकीचे दोघंही बाहेर सटकले.

मीटर रूमच्या जाळीच्या दाराला टाळं होतं. आत लिफ्टच्या मेनचा दांडा वर होता.

बाहेर बाकावर सोसायटीतले जुने रहिवासी भिवाआजोबा बसले होते. त्यांनी कौतुकाने सांगितलं, की मेन पडलेला दिसला, म्हणून आपणच वर केला. पूर्वी इथे चाळ होती तेव्हा तीच रीत होती. मेन पडला की ज्याला दिसेल त्याने वर करायचा, कुणाची वाट बघायची नाही. अख्खी चाळ त्यांना दुवा द्यायची. आज मेन वर केल्यावर पोरं हात घालतील म्हणून त्यांनी टाळंही लावलं होतं, आणि किल्ली घेऊन वॉचमन वडे आणायला गेला होता.

लिफ्टच्या दारावर लाल आकडा पेटला होता: चार. समोर पेढ्यांचा बॉक्स घेऊन दोन पाहुणे उभे होते आणि त्यातल्या एकाचं बोट बटणाकडे निघालं होतं.

संघर्ष बटणाला पाठ लावून उभा राहिला. "मेलो तरी हलणार नाही," तो म्हणाला. प्रिती दोन्ही मुठींनी दार बडवत ताईला हाका मारू लागली. मनवा जिन्याकडे धावली.

पहिला मजला. दुसरा. खालून ठोकाठोक ऐकू येत होती तोवर बरं होतं, पण तिसऱ्यावर पोचताच तो आवाज एकदम बंद झाला. मनवाला रडू फुटलं. रडत रडतच ती चौथ्यावर पोचली आणि तिने बटण दाबलं. दार उघडलं. ती उंबऱ्यात बसली.

दार मिटायला आलं, तिच्या खांद्यावर आपटलं आणि मागे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा आपटलं. आपण सरकलो तर? या विचाराने तिने गुडघे घट्ट आवळून धरले. तेवढ्यात धापा टाकत अमितकाका वर आले, पाहुणे खोळंबलेत म्हणून तिच्यावर खेकसले आणि तिला उठवायला त्यांनी तिचा दंड धरला.

"ताई दिसल्याशिवाय मी उठणार नाही!" मनवा म्हणाली. मोठ्या माणसाशी ती अशी कधीच बोलली नव्हती.

जिन्यात पावलं वाजली. हात ग्रीसने काळे, श्वास फुललेला, अशी कालिंदीताई आली. प्रितीच्या हाका ऐकून तिने ठोकाठोक थांबवली होती आणि आतून दार उघडून ती बाहेर आली होती. मनवाने कुलूप पुढे केलं. ताईने ते मुठीत घट्ट धरलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "हे माझ्या हातातून सुटायलाच नको होतं."

अमितकाकांनी पाचर काढल्याचं हॉलमध्ये सगळ्यांसमोर कबूल केलं आणि तिघांची पाठ थोपटली. मग भिवाआजोबा उठले आणि एवढंच म्हणाले, "आज माझ्या हातून एक जीव गेला असता. या पोरांनी मला वाचवलं."

वॉचमन आला, टाळं उघडलं. ताईने मेन पाडला, लाल कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि मनवाला कुलूप ओढून बघायला सांगितलं. मनवाने तीनदा ओढलं. ताई पुन्हा खड्ड्यात उतरली. या वेळी पाचरीपाशी संघर्ष उभा होता आणि मीटर रूमच्या दारात खुर्ची टाकून आजोबा.

पाहुण्यांनी विचारलं, लिफ्ट कधी सुरू होणार?

"जिना आहे की," आजोबा म्हणाले.

पाऊण तासाने ताई वर आली. तेव्हा कुठे मनवाने हातातला गार वडापाव तोंडाला लावला.