झोपलेला काटा

“ताई, डोकं काढ ना मधून! मला मीटर दिसत नाहीये!”

“माझं डोकं माझ्याच जागेवर आहे. तूच आंब्यांच्या पेटीवर चढून बसलायस!”

“अगं, पाच वेळा पाच येणार आहेत! तेल्हाऱ्याला गाडीत बसलो तेव्हा पंचावन्न हजार पाचशे एक्कावन्न होते. चारच किलोमीटर कमी!”

दीक्षाने डोळे मिटून घेतले. मे महिन्यातली संध्याकाळ, खिडकीतून येणारा भाजका वारा आणि मांडीवर उरलेल्या आंब्यांची पिशवी! सुट्टीतले चार दिवस हिवरखेडला पार्बता आत्याकडे हुंदडून ती, तिचा धाकटा भाऊ स्वप्निल आणि शेजारची श्रावणी अकोल्याला परत निघाले होते. आत्याने त्यांना तेल्हाऱ्यापर्यंत आणून सोडलं आणि तिथून बाबांच्या गाडीत बसवून दिलं.

बाबा म्हणजे शेषराव. तेल्हाऱ्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांच्या बाजूच्या सीटवर श्रावणीचे बाबा, कमलाकांत काका. ते तिथल्याच कोर्टात वकिली करायचे. दोघंही राहायला अकोल्यात, म्हणून रोजचं अप-डाऊन. सकाळी ऊन तापायच्या आत निघायचं आणि संध्याकाळी वाळत घातलेल्या कपड्यांसारखं सुकून परत यायचं. एसी लावला की गाडी धापा टाकते म्हणून तोही बंद. थोडक्यात, त्या गाडीत गाडीसकट सगळेच दमलेले होते. अपवाद फक्त स्वप्निलचा.

“शेषराव, खुशालरावाचा फोन आला होता,” काका म्हणाले. खुशालराव म्हणजे त्यांच्या कॉलनीमागचा गॅरेजवाला. “गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा का, विचारत होता. मी म्हटलं, मीटर पंचावन्न हजारावर आहे. तर म्हणाला, मग कायची घाई? लाखाच्या आसपास पाहू. उद्या बिनधास्त चिखलदऱ्याला जा!”

“पाहू ना,” बाबा म्हणाले. “दिवाळीत पाहू.”

“बाबा!” स्वप्निल ओरडला. “पूर्णेचा पूल गेला, तरी अजून एक्कावन्नच!”

“उन्हानं त्याले बी झोप लागली असन.”

काका खो खो हसले. “अरे, वेगाचा काटा तर कधीचा शून्यावर झोपलाय! त्या पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली, तेव्हापासून. पण या रस्त्यावर काटा हवा कोणाला? डोकं टपावर आपटलं की समजायचं, जोरात चाललो!”

सगळे हसले. दीक्षाने मात्र डोळे उघडले आणि बाबांच्या खांद्यावरून मीटरकडे पाहिलं. मग अकोल्याचे दिवे लागेपर्यंत तिने नजर काढली नाही. आकडा हलला नाही तो नाहीच.

घरी पोचल्यावर तिघं कूलरसमोर जमले. जमिनीवर पाय पसरून आंबे चोखता चोखता सभा सुरू झाली.

“पाचाचं नशीबच खोटं!” स्वप्निल कुरकुरला.

“नशीब नाही रे, मीटर बंद आहे,” दीक्षा म्हणाली. “काट्याला आणि आकड्यांना एकाच ठिकाणाहून बातमी मिळत असणार, गाडी किती पळाली याची. बातमीच बंद झाली, तर दोघंही झोपणार. काटा बंद पडला हे सगळ्यांना ठाऊक आहे. आकडेही बंद पडलेत, हे कुणी पाहिलंच नाही!”

“पण कधीपासून?” श्रावणीने विचारलं आणि स्वतःच ताडकन उठली. “थांब! माझ्या वाढदिवसाचे फोटो! तेव्हा हा पिटुकला स्टिअरिंगला लटकला होता!”

तिने आईचा फोन आणला. बरीच शोधाशोध झाली आणि फोटो सापडला. पुढचे दोन दात पडलेला स्वप्निल स्टिअरिंगमागे बसून हसत होता. श्रावणीने बोटांनी फोटो मोठा केला. मीटरवर आकडे होते पंचावन्न हजार पाचशे एक्कावन्न!

“बाप रे! हा तर दोन वर्षांपूर्वीचा वाढदिवस!”

“म्हणजे दोन वर्षांचं अप-डाऊन मीटरला माहीतच नाही!” दीक्षा म्हणाली. “रोज जाऊन-येऊन शंभराच्या वर. शिवाय हिवरखेडच्या चकरा, लग्नं, दोनदा नागपूरला दीक्षाभूमी... श्रावणी, लाख होऊन गेले गं!”

“आणि बेल्ट लाखाला बदलायचा असतो. पण असतो काय हा बेल्ट? कमरेचा?” स्वप्निलने विचारलं.

श्रावणीने फोनवर एक व्हिडिओ लावला. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचा भाग एका दातेरी रबरी पट्ट्याने जोडलेले होते. खालून दट्टे, म्हणजे पिस्टन, वर येत, वरून झडपा खाली येत, आणि पट्टा दोघांना बरोबर आळीपाळीने नाचवत होता.

“आत्याकडे तिखट कांडत होते, तसंच!” दीक्षा म्हणाली. “एका उखळात आत्या आणि तिच्या शेजारच्या माणिकबाई, दोघींची मुसळं. एक वर, एक खाली. ताल चुकला तर?”

“तर मुसळावर मुसळ!” स्वप्निल ओरडला.

व्हिडिओतला पट्टा तुटला. झडपा वाकल्या, दट्ट्यांना खड्डे पडले. सांगणारा माणूस म्हणत होता की पट्टा सहसा आधी आवाज करत नाही, इशारा देत नाही. चालता चालता तुटतो आणि इंजिन संपतं. किलोमीटर भरले नसले तरी वर्षं भरली की बदलावा, कारण रबर उन्हानेही म्हातारं होतं. कूलर घरघरत होता.

“उद्या चिखलदऱ्याचा घाट आहे,” श्रावणी हळूच म्हणाली.

दीक्षाच्या डोळ्यांसमोर मात्र घाट नव्हता. तिला बसचं वर्ष आठवत होतं. बाबांची बदली झाली, तेव्हा काकांची सोबत नव्हती आणि एकट्याने रोज गाडी नेणं परवडत नव्हतं. बाबा बसने जायचे. ती उठायच्या आधी निघायचे आणि ती झोपल्यावर यायचे. रविवारी दिसायचे, तेही भिंतीकडे तोंड करून झोपलेले. काकांबरोबर खर्च वाटून गाडी न्यायला लागल्यापासून ते संध्याकाळी घरी दिसायचे. दमलेले का असेनात, पण दिसायचे! इंजिनच गेलं, तर दुसरी गाडी कुठून येणार? म्हणजे पुन्हा बस.

जेवताना तिने विषय काढला. “बाबा, मीटर बंद आहे. बेल्ट बदलायला झालाय.”

“हाव.”

“हाव नाही बाबा, ऐका ना! उद्या गाडी नका काढू.”

“दीक्षे, तुमीच महिनाभर चिखलदरा चिखलदरा करून राहिले ना? आता काहून नको?” बाबांनी घास उचलला आणि तो तसाच हातात राहिला. त्यांचे डोळे मिटत होते. “पाहू बेटा... आल्यावर पाहू.”

आईने खूण केली, आता पुरे. बाबा ताटावरच पेंगत होते. दीक्षाला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा कणव जास्त आली. या घरात ‘पाहू’ हा शब्द आळसातून येत नव्हता. तो थकव्यातून येत होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. भांडण करायचं नसेल, तर काहीतरी युक्ती हवी होती.

सकाळी अंगणात एकच धांदल उडाली! दशम्यांचे डबे, पाण्याच्या बाटल्या, सतरंजी. कमलाकांत काका डोक्यावर नवी कोरी हॅट आणि डोळ्यांना गॉगल लावून सज्ज. फक्त गाडीची किल्ली नव्हती! खुंटीवर नाही, टीव्हीवर नाही, बाबांच्या पँटच्या खिशातही नाही.

“काल त अथीच ठेवली होती,” बाबा थकलेल्या आवाजात म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले.

“किल्ली माझ्याकडे आहे,” दीक्षा पुढे आली. किल्ली तिने कूलरच्या गवतात खोचून ठेवली होती, त्यामुळे किल्लीवरून अजून थेंब गळत होते. “देते. पण आधी काकांची साक्ष घ्यायची आहे!”

“माझी साक्ष?” काकांनी गॉगल वर केला. “अगं, साक्षी मी घेतो!”

“आज तुम्ही पिंजऱ्यात, बाबा!” श्रावणीने त्यांना हात धरून गाडीपाशी उभं केलं.

“सांगा काका,” दीक्षाने विचारलं, “काल सकाळी मीटर किती होतं?”

“पंचावन्न हजार पाचशे एक्कावन्न. तोंडपाठ आहे. खुशालरावाला मीच सांगितलं ना!”

“मग तुम्ही तेल्हाऱ्याला गेलात आणि परत आलात. बरोबर?”

“बरोबर.”

“मग आज किती असायला हवं?”

“सोपं आहे. शंभर आणि वर काही धर. पंचावन्न हजार सहाशे साठ-पासष्ट.”

“साक्ष नोंदवली! स्वप्निल, चल!”

स्वप्निलने दार उघडून काकांना आत ढकललंच. दीक्षाने किल्ली अर्धीच फिरवली, इंजिन सुरू न करता. मीटरवरचे दिवे लागले. काका आकड्यांकडे पाहत राहिले. त्यांनी गॉगल काढला, पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“एक्कावन्न?” ते पुटपुटले. “हे कसं?”

श्रावणीने फोटो पुढे केला. काकांनी फोटो पाहिला, मीटर पाहिलं आणि हॅट काढून हातात घेतली.

“शेषराव,” ते म्हणाले, “मी दोन वर्षं एका मेलेल्या साक्षीदारावर विश्वास ठेवत होतो हो!”

बाबा उठून आले. त्यांनीही आकडे पाहिले. मग दीक्षाकडे वळून म्हणाले, “अन् किल्ली लपवाची काय गरज होती? सांगायचं ना मले!”

“सांगितलं होतं!” दीक्षाचा आवाज एकदम चिरकला. “तुम्ही झोपला होतात, घास हातात घेऊन! बाबा, चिखलदरा नाही पाहिला तरी चालेल मला. पण गाडी मोडली तर तुम्ही पुन्हा बसने जाल. आणि मग तुम्ही घरात असूनही मला दिसत नाही!”

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

मग काकांनी खुशालरावाला फोन लावला. सगळं ऐकून पलीकडून असा आवाज आला की तो अंगणभर ऐकू गेला. “चालू नोका करू बाप्पा! ढकलत आणा, ढकलत!”

आणि चिखलदऱ्याची सहल निघाली खुशालरावाच्या गॅरेजकडे! बाबा स्टिअरिंगला, मागून काका, दोघी आया आणि तिघं पोरं. गल्लीतले लोक चहाचे कप घेऊन फाटकात उभे राहिले.

“वकीलसाहेब, कुठी निंगाले?”

“चिखलदऱ्याला!” काका घामाघूम होऊन ओरडले. “घाट लागलाय, दिसत नाही का!”

खुशालरावाने वरचं झाकण उघडलं आणि बॅटरीच्या उजेडात पट्ट्यावर बोट फिरवलं. त्याचं तोंड उतरलं. पट्ट्याची एक कड उसवून तिचे दोरे बाहेर आले होते. पाठीवर आडव्या भेगा होत्या, आणि एका ठिकाणचा दात मुळापासून हलत होता.

“माही बी चूक झाली,” तो म्हणाला. “मीटर इचारून मोकळा झालो. गाडी किती वर्सांची हाय, रोज कुठी जाते, हे इचारलंच नाई. अन् गाडी त रोज माह्या समोरून जाते! आज घाटात गेले असते, त इंजिन तथीच राह्यलं असतं. पोट्ट्याइनं वाचवलं तुमाले.”

“फक्त पट्टा बदलला की झालं?” दीक्षाने विचारलं.

“नाई बेटा. पट्टा ताणून धरणारं चाक बी बदलाचं, अन् त्याच्याच मांगं पाण्याचा पंप हाय, थो बी. नवा पट्टा अन् जुनं चाक ठेवलं, त चाक जाम होते अन् नवा पट्टा घेऊन जाते. मंग पुन्हा हेच ढकलणं! अन् हो, मीटरची तार बी जोडून देतो.”

बाजार उघडल्यावर सामान आलं आणि काम सुरू झालं. दशम्यांची आणि आंब्याच्या लोणच्याची शिदोरी गॅरेजमधल्या कडुनिंबाखालीच सुटली. काकांनी सगळ्यांसमोर उभं राहून जाहीर केलं, “आजपासून माझ्या उलटतपासण्या दीक्षाताई घेतील! आणि मीटरवर पहारा स्वप्निलरावांचा. एवढी चलाख पोरं आख्ख्या जिल्ह्यात नाहीत!”

“आणि फोटो कुणी शोधला?” श्रावणी फुरंगटली.

“तू माझी मुलगी आहेस, तुझं कौतुक करायला मला संकोच वाटतो,” काका म्हणाले आणि तिच्या डोक्यावर त्यांनी स्वतःची हॅट ठेवली.

बाबा मात्र गाडीपाशीच उभे होते. दुपार कलताना ते खुशालरावाजवळ गेले. “नवा पट्टा आता कधी बदलाचा, ते मले नोको सांगजो,” ते म्हणाले. “मी पाहू म्हणीन. माह्या दीक्षीले सांग.”

खुशालरावाने हात पुसले आणि खरोखरच तिला समोर उभं करून सांगितलं, किती किलोमीटर, किती वर्षं, आणि दोन्हीतलं जे आधी भरेल ते. दीक्षाने ऐकलं, त्याला पुन्हा म्हणून दाखवलं आणि बाबांशेजारी बाकावर येऊन बसली.

“पाठ झालं?” बाबांनी विचारलं.

“झालं.”

“मंग आता मी झोपू?”

ती काही म्हणायच्या आत त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर टेकलंही होतं. कडुनिंबाची सावली लांब होत गेली. स्वप्निल आणि श्रावणी हॅटवरून भांडत होते. तिचा खांदा अवघडला होता, पण ती हलली नाही. थोड्या वेळाने खुशालरावाने गाडी सुरू करून पाहिली, कान देऊन ऐकली आणि समाधानाने मान हलवली.

“झाली तुमची गाडी! उठव बाबाले.”

“थांबा ना काका,” दीक्षा हळूच म्हणाली. “झोपू द्या थोडं. आज त्यांना कुठे जायचं नाहीये.”